पाव्हणीबाईंचे बुधवार

अजब बंगल्याच्या पायऱ्या चढून झाल्या की पाव्हणीबाई दारातच थांबत, डोक्यावरचा पदर सारखा करत आणि आत तोंड करून खणखणीत आवाजात विचारत, "हाय का गा कोनी घरी?"

अजब बंगला म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय. उंच छताची सरकारी इमारत, आत पेंढा भरलेले प्राणी, तलवारी, नाणी, भंगलेले देव. तिथे घरी कोण असणार? पण दारावरचे पहारेकरी स्टुलावरून अर्धवट उठत आणि अगदी गंभीर चेहऱ्याने सांगत, "या बाई, सगळे घरीच हायेत. वाघ बी हाय." मग बाई समाधानाने चपला काढत, कागदात गुंडाळून पिशवीत टाकत आणि आत पाऊल ठेवत. चपला घालून फिरलं तरी चालतं, हे त्यांना किती वेळा सांगून झालं होतं. "तुमचं चालत असंन," त्या म्हणत, "पन दुसऱ्याच्या घरात चपला घालून हिंडनं मले नाई जमत."

मी पहिल्यांदा ही हाक ऐकली तेव्हा लाजेने खांबाआड लपले होते. दुसऱ्यांदा हसू दाबता दाबता माझ्या तोंडात पदराचा बोळा होता. आणि नंतर नंतर तर मी पायऱ्यांवरच हसायला सुरुवात करायची, बाई हाक मारायच्या आधीच. "अजून काही म्हनलं नाई वं मी," त्या रागवायच्या. "हासू नको, घरातले लोक काय म्हनतीन?"

मी तेव्हा नागपुरात नवी होते. आणीबाणी नुकतीच उठली होती आणि माझं लग्नही नुकतंच झालं होतं. सातवीत शाळा सुटलेली, देवगडच्या पलीकडचं गाव. आमच्याकडे घरामागे समुद्र आणि घरापुढे एक वाट, ती जाते तिथे जायचं, चुकायची सोयच नाही. यांना हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी लागली आणि दोन दिवसांच्या प्रवासानंतर मी अशा शहरात उतरले जिथे वाटाच वाटा होत्या आणि समुद्र कुठल्याच दिशेला नव्हता. हिंगणा रोडच्या बाजूला एका ओळीत खोल्या होत्या, त्यातली एक आमची. हे कंपनीच्या बसने पाळीवर गेले की मी आतून कडी लावून बसायची. एकदा धीर करून कोपऱ्यावर मीठ आणायला गेले, तर दुकानदाराने विचारलं, "क्या होना बाई?" त्या तीन शब्दांनी माझी अशी काही गाळण उडाली की मी मीठ न घेताच परत आले आणि यांना अळणी आमटी वाढली.

यांनी ती आमटी मुकाट्याने खाल्ली आणि हात धुताना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघूया. नाय जमला तर तुका गावाक धाडतलंय."

रागाने नव्हे, काळजीने म्हणाले. पण त्याचा अर्थ मला माहीत होता. आमच्या वाडीत अशा बायका होत्या ज्यांचे नवरे मुंबईला असत आणि गणपतीला नि शिमग्याला येत. त्यांची पोरं बापाला बघून आईच्या मागे लपत. मला तशी बायको व्हायचं नव्हतं. ज्या माणसाशी लग्न झालं त्याची मला नुकती कुठे ओळख होऊ लागली होती. दसऱ्यापर्यंत या शहरात एकटीने हिंडाफिरायला शिकायचं, नाहीतर ती ओळख पत्रातून करून घ्यायची, एवढाच प्रश्न होता. आणि शिकायचं कसं, तर मी दाराची कडीच काढत नव्हते.

ती कडी पाव्हणीबाईंनी काढायला लावली. त्या शेजारच्या खोलीत राहायच्या, शिवणकाम करायच्या. त्यांच्या मशीनचा आवाज मला दिवसभर सोबत असे, पण चेहरा मी नीट पाहिला नव्हता. एका मंगळवारी दारावर थाप पडली.

"का वं पोरी, कडी लावून काय राखून राहिली आत? सोनं हाय का?"

मी दार उघडलं. पांढरं पातळ, गळ्यात टेप, ओठात टाचणी. टाचणी तशीच ठेवून त्या बोलत होत्या.

"उद्या बुधवार. बुधवारी माही मशीन बंद असते. चांगलं लुगडं नेस. पाव्हणं जायचं हाय."

"कुणाकडे?"

"या गावाकडे," त्या म्हणाल्या. "इतले दिवस झाले येऊन आन अजून वळख नाई दिली तू. गाव रुसून बसंल ना."

वस्ती त्यांना पाव्हणीबाई म्हणायची ती याचमुळे. नवा माणूस दिसला की बाईंना तो पाहुणा वाटे, आणि पाहुण्याला गाव दाखवायचं ही त्यांची जबाबदारी. आणि गाव म्हणजे त्यांच्या मते बाजार नव्हे, दवाखाना नव्हे. गाव म्हणजे अजब बंगला, चित्रांची प्रदर्शनं आणि नाटकं. "दार उघडं ठेवलं म्हंजे बोलावनं दिलं," असं त्यांचं म्हणणं होतं. "एवढं मोठं दार उघडं ठेवून ते बसून राहिले, आन आपन जायाचं नाई? बरं दिसते का?"

त्या पहिल्या बुधवारी बसमध्ये मी त्यांचा दंड इतका घट्ट धरला की त्या म्हणाल्या, "सोड वं, हात शिवायले लागते मले." बंगल्यात मात्र त्यांनी माझा हात धरला आणि एकेकाशी ओळख करून दिली. वाघापुढे म्हणाल्या, "याले नमस्कार नको करू, डोक्यावर चढते. नुसती मान हालव." नाक तुटलेल्या दगडी बाईपुढे म्हणाल्या, "नाक गेलं, पन ऐट पाह्य." मी पाटीवरचं नाव वाचून दाखवायला गेले तर त्यांनी हात झटकला. "ते सरकारी नाव हाय. घरी काय म्हनत असतीन ते इचार."

मग त्या मला मगरीपाशी घेऊन गेल्या. काचेच्या मागे लांबलचक पडलेली मगर, तोंड उघडं.

"ही तुमच्याकडची," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "समुद्रातली. समुद्रातून नदीत आली, नदीतून चढत चढत नागपूरले आली. आधी लय रडे म्हनते."

"मग?"

"मग काय, राहिली. आता पाह्य कशी हासून राहिली."

मी पाहिलं. ती खरंच हसत होती. मीही हसले, आणि एकदा हसू सुटल्यावर थांबेना. नागपुरात आल्यापासून मी पहिल्यांदाच हसत होते, तेही एका मेलेल्या मगरीपुढे उभी राहून. पहारेकरी डोकावून गेले. बाई त्यांना म्हणाल्या, "काही नाई गा, माहेरचं मानूस भेटलं तिले."

यांना हे शिक्षण पसंत नव्हतं. एकदा जेवताना त्यांनी माझी परीक्षा घेतली.

"रेशनचा दुकान खंय आसा?"

"माहीत नाही."

"टपाल हापिस?"

"माहीत नाही."

"मगे माहीत काय आसा?"

"मगर," मी म्हटलं. "आत शिरल्यावर डावीकडे."

यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात भिंतीपलीकडून बाईंचा आवाज आला. खोल्यांच्या भिंती अशा होत्या की शिंक आली तरी पलीकडून 'सत्य हाय' ऐकू येई. "रेशनचं दुकान कोनालेबी सापडते, जावई! पोट आपोआप नेते तिकडं. मगरीकडं कोन नेईल?" हे घास हातात धरून भिंतीकडे पाहत राहिले. जावई म्हटल्यावर माणसाला भांडता येत नाही.

पुढे एका बुधवारी आम्हाला चक्क छापील बोलावणं आलं. सदर भागातल्या ज्या घरी बाई ब्लाउज द्यायला जायच्या तिथल्या बाईंनी एक कार्ड त्यांच्या हातात दिलं होतं. कुणा तरुण चित्रकाराच्या प्रदर्शनाचं. मी वाचून दाखवलं. शेवटी 'आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे' असं होतं. बाईंनी ते वाक्य मला पुन्हा वाचायला लावलं.

"प्रार्थनीय म्हनते? म्हंजे आहेर लागंल."

"बाई, लग्न नाही हो ते. चित्रं आहेत."

"चित्रं तं चित्रं. कार्ड छापून बोलावलं त्यानं. हात हालवत जाते का कोनी?"

इतवारीच्या बाजारात जाऊन आम्ही स्टीलचा डबा घेतला. दुकानदाराने यंत्राने त्यावर नाव कोरून दिलं: 'पाव्हणीबाईकडून सप्रेम भेट.' बाईंनी विचार केला आणि खाली 'व कोकणी' असंही कोरायला लावलं. रिकामा डबा देत नाहीत म्हणून घरी येऊन त्यात चिवडा भरला.

मी रस्ताभर घाबरलेली. आपल्याला हाकलून देतील, हसतील, डबा फेकतील, असं एकेक डोळ्यांपुढे येत होतं. प्रत्यक्षात त्या दालनात पंख्याखाली दाढीवाला हडकुळा मुलगा आणि त्याचा एक मित्र, एवढेच होते. उद्घाटनाचे पाहुणे अजून यायचे होते आणि तो दर मिनिटाला दाराकडे बघत होता. बाई थेट त्याच्यापाशी गेल्या, डबा त्याच्या हातात ठेवला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "मोठा हो बाबा. मायबाप आले का?"

त्याने डब्यावरचं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि विचारलं, "कोकणी कोण?" बाईंनी मला पुढे ढकललं.

चित्रं मात्र अवघड होती. कशातच डोळा, नाक, झाड काही नाही. "हे अमूर्त आहे," मुलगा सांगू लागला. "ज्याचं त्याला दिसतं." बाई एका मोठ्या निळ्या चित्रापुढे थांबल्या. निळं, त्यात एक पांढरी रेघ.

"तुले काय दिसून राहिलं वं?"

मला दिसत होतं. मी इतकी भित्री, अनोळखी माणसापुढे तोंड न उघडणारी, पण त्या दिवशी म्हणून गेले, "हा आमच्या वाडीतला समुद्र आहे. भरती लागायच्या जराशी आधीचा."

मुलगा म्हणाला, "मी समुद्र पाहिलाच नाही कधी."

"मग हे काय काढलंय?"

"मे महिन्यातलं नागपूरचं ऊन."

आम्ही तिघंही एकमेकांकडे बघून हसायला लागलो. बाई म्हणाल्या, "बरं झालं. तुह्या उन्हात तिचा समुद्र निंगाला. आता पंगत कोठी हाय?" पंगत नव्हतीच. मग मुलाने डबा उघडला आणि आम्ही सगळे फरशीवर बसून चिवडा खाऊ लागलो. उद्घाटनाचे पाहुणे कोट घालून आले तेव्हा बाईंनी सरकून त्यांना जागा केली. "बसा. उशीर केला तुम्ही, पन उरला हाय." आणि ते बसले! कोटासकट, मांडी घालून.

नाटकात बाईंना गप्प बसवणं मला कधीच जमलं नाही. नटांनाच त्या घरमालक मानत आणि यजमान बोलत असताना पाहुण्याने तोंड मिटून बसणं म्हणजे त्यांना शिष्टपणा वाटे. एका हौशी मंडळींच्या नाटकाला आम्ही पुढेच बसलो होतो. दुपारचा प्रयोग, थिएटर बरंचसं रिकामं. नाटकात नवरा-बायकोचं जमत नव्हतं. दुसऱ्या अंकात नवरा खुर्चीवरून उठला आणि बायकोला म्हणाला, "तू उद्याच्या गाडीने गावाला जा."

मी बाईंचा दंड धरला. दसरा महिन्यावर आला होता. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग रंगमंचाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाल्या, "नाई जात ते. काहून जाईल?"

नवरा थांबला. पडद्यामागून कुणीतरी त्याला पुढचं वाक्य सांगत होतं, ते आम्हालाही ऐकू येत होतं, फक्त त्याला येत नव्हतं. बायको झालेली नटी मात्र हुशार निघाली. तिने कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऐकलंत ना? मी नाही जात."

थिएटरात होते नव्हते तेवढे सगळे टाळ्या वाजवू लागले. नवऱ्याने पुन्हा समजावलं, ती पुन्हा नाही म्हणाली. तिलाच त्याची चटक लागली असावी. तिसऱ्या अंकात ती गावी गेलेली दाखवायची होती, तिथे तिचं रिकामं घर मांडलेलं होतं. त्या घरात ती आरामात बसून भाजी निवडत होती आणि नवरा तिच्यासमोर उभा राहून 'तू गेल्यापासून घर खायला उठतं' असं म्हणत होता. मी इतकी हसले की खुर्चीवरून घसरले. नाटक संपल्यावर दिग्दर्शक बाईंना शोधत आला. मला वाटलं आता पोलीस. तो हात जोडून म्हणाला, "बाई, उद्याच्या प्रयोगाला येऊ नका." आणि त्याच्या मागून ती नटी ओरडली, "या हो, नक्की या!"

त्या संध्याकाळी परतताना मी बाईंना विचारलं, तुम्हाला भीती कशी वाटत नाही कशाची? कुणी हटकेल, कुणी बाहेर काढेल?

"छप्पनच्या दसऱ्याले मी माह्या बापाबरोबर या गावात आली," त्या म्हणाल्या. "दीक्षा घ्यायले. एवढी मानसं, एवढी मानसं, मुंग्यावानी. गावाकडं आमाले उघडी असनारी दारं लय कमी होती वं. बाहेरून पाह्याची सवय. दुसऱ्या दिवशी बाप म्हने, चाल, अजब बंगला पाहू. मी दारातच थांबली. बाप बी थांबला. म्हनलं इचारावं, म्हनून मीच हाक मारली, हाय का कोनी घरी. तं आतून एक जन म्हने, या ना. कोनाची कोन, काही इचारलं नाई. या ना, बस." त्या जराशा हसल्या. "मी बापाले सांगतलं, मी इथंच राहीन. अजून पाव्हणीच हाय म्हन."

दसरा आला आणि बाईंची खोली वऱ्हाडातल्या पाहुण्यांनी भरली. दरवर्षी त्यांच्या गावची माणसं दीक्षाभूमीवर येत आणि त्यांच्याकडे उतरत. त्याच दिवशी आमच्या दारातही एक पाहुणा उभा राहिला, माझा धाकटा दीर, वसंता. यांनी त्या अळणी आमटीच्या दिवसांतच घरी लिहून टाकलं होतं, की दसऱ्याला कुणीतरी येऊन हिला घेऊन जा. मला सांगायचा त्यांना धीर झाला नव्हता. परवाच्या गाडीची दोन तिकिटं काढून झाली होती. मी ट्रंक काढली आणि लुगडी भरू लागले, आणि भरताना एकेका लुगड्यावरून मला तो तो बुधवार आठवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात आल्या. हाताला कणीक.

"पाव्हणा आला म्हनते तुमच्या घरी. गाव पाह्यलं का त्यानं?"

वसंता म्हणाला, "उद्या जावचा आसा आमका."

"जा ना. पन अजब बंगला पाह्यल्याबिगर पाव्हणा जात नाई नागपुरातून." मग माझ्याकडे वळून, जसं काही मीठ आणायला सांगावं तसं म्हणाल्या, "मले सवड नाई. घरी एवढं रांधायचं हाय. तू घेऊन जा याले. आन माह्याबी पाव्हण्यायले घेऊन जा."

आणि माझ्या तोंडातून शब्द फुटायच्या आत त्या निघून गेल्या. त्यांच्या खोलीतून बाया, पोरं, म्हातारे असा ताफा बाहेर आला आणि माझ्याभोवती उभा राहिला.

मी त्या रस्त्याने नेहमी बाईंचा दंड धरून गेले होते. आता माझाच पदर तीन पोरांनी धरला होता. सगळं शहर पांढऱ्या कपड्यांनी भरलेलं. वसंता नवी पँट घालून पुढे चालत होता. "वयनी, माझ्या मागसून येवा, चुकशात," असं म्हणून तो भलत्याच बसमध्ये चढला. मी त्याला शर्टाला धरून खाली ओढलं. ते माझ्या हातून कसं झालं, मलाच कळलं नाही. पण नंतर भीती वाटायला वेळच उरला नाही. पोरं मोजा, म्हातारीला बसायला जागा मिळवा, सीताबर्डीला सगळ्यांना उतरवा.

बंगल्याच्या दारात सगळे माझ्या तोंडाकडे बघत उभे राहिले. मी घसा खाकरला आणि हाक मारली. आवाज चिरका आला, पण आला. पहारेकरी म्हणाले, "बाई नाई आल्या? या, या."

मगरीपाशी आलो तेव्हा मी गोष्ट सांगायला तोंड उघडलं, तर ताफ्यातली एक बाई आनंदाने ओरडली, "हे पाह्य, आपली मगर! पाव्हणीबाईनं सांगतलं होतं मागच्या साली. वर्धा नदीतली हाय, आपल्या गावच्या डोहातली!" पोरांनी काचेला नाकं लावली. म्हणजे बाई ज्याला दाखवायच्या त्याच्या गावची ती मगर होऊन जायची. मला इतकं हसू आलं आणि बाईंची इतकी माया आली की मी माझी मगर त्यांना देऊन टाकली. "हो," मी म्हटलं, "तुमच्या डोहातलीच."

बाहेर आलो तर वसंता नव्हता.

मी सगळ्यांना झाडाखाली बसवलं, हलू नका म्हणून दटावलं आणि त्याला शोधायला निघाले. सगळी दालनं पाहिली, पहारेकऱ्यांना विचारलं, बाहेरची गर्दी चिरत महाराजबागेपर्यंत गेले. रस्त्याकडेला एका अनोळखी कुटुंबात मला नवी पँट दिसली. वसंता फतकल मारून बसला होता, हातात भाकरी, भाकरीवर ठेचा, डोळ्यांतून पाणी. एक म्हातारे गृहस्थ त्याला प्रेमाने विचारत होते, "पन गाव कोन्तं गा तुमचं?" तो मालवणीत उत्तर देत होता, ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते आणखी ठेचा वाढत होते. मला बघून तो उठला, शाळा सुटल्यावर पोर आईला बघून उठतं तसा. घरी पोचेपर्यंत त्याने माझ्या पिशवीचा बंद सोडला नाही.

हे पाळीवरून आले तेव्हा वसंता ओसरीवर पाय चोळत बसला होता. "दादा," तो म्हणाला, "वयनीक न्हेऊन काय करू? तिनाच माका घराक आणून सोडल्यान."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ट्रंकेकडे पाहिलं. मग हसू आवरत म्हणाले, "एक तिकीट परत करून येतंय."

पुढे काही वर्षांनी पाव्हणीबाई चंद्रपूरला मुलाकडे गेल्या आणि त्या गेल्याची बातमीही तिकडूनच आली. मी रडले, खूप रडले. पण आमचे बुधवार त्याच्या कितीतरी आधी संपले होते. दसऱ्यानंतरच्या पहिल्याच बुधवारी मी चांगलं लुगडं नेसून त्यांच्या दारात उभी राहिले, तर बाई बाहेर आल्या त्या दुसऱ्याच एका मुलीचा हात धरून. ओळीतल्या शेवटच्या खोलीत आलेली नवी भाडेकरीण, रायपूरची, मराठीचा एक शब्द येत नसलेली, रडून डोळे सुजलेली.

"मीही येते ना," मी म्हटलं.

"तू काहून?" बाईंना खरोखर नवल वाटलं. "पाव्हण्याले दाखवते मानूस. तू आता कोठं पाव्हणी हाय?"

त्या तिला घेऊन गेल्या. मी दारात उभी. मला आनंद झाला पाहिजे होता, आणि मला चक्क हेवा वाटत होता. थोडा वेळ मी धुमसत बसले. मग उठले, कुलूप लावलं, बस पकडली आणि एकटीच नाटकाला गेले. तिकीट काढलं, मागची खुर्ची पाहून बसले. मध्यंतरात दिवे लागले, मी उठून उभी राहिले तेव्हा दिसलं, पुढच्या रांगेत बाई आणि त्यांच्या शेजारी ती रायपूरची मुलगी. मुलीचे डोळे अजून सुजलेले होते, पण ती काहीतरी ऐकून खुदखुदत होती.

बाईंनी मान वळवली आणि मी त्यांना दिसले. मला वाटलं, आता हाक मारतील, जवळ बसवून घेतील. त्यांनी नुसतं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि सगळ्या थिएटराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"उभी काय राहिली वं नुसती? पाव्हणीले पानी आन!"

आणि मी, इतकी आनंदात, की पायात चप्पल आहे की नाही याचंही भान नाही, पाणी आणायला धावले.